दारं मिटली नाहीत तर : पिल्लांच्या अवयवांतले जन्मजात दोष

कुत्री व्याली, सहा पिल्लं झाली, महिनाभर अंगावर पिऊन सगळी गुबगुबीत झाली. पाचव्या आठवड्यात भाताचं खिमट सुरू केलं आणि एकच पिल्लू मागे पडायला लागलं. ताटलीकडे सगळ्यांच्या आधी तेच धावतं, पण खाल्लेलं थोड्या वेळात जसंच्या तसं बाहेर येतं. जंताचं औषध होतं, उलटीचं इंजेक्शन होतं, पार्व्होची, म्हणजे पिल्लांतल्या विषाणूजन्य जुलाब-उलटीच्या आजाराची, तपासणी निगेटिव्ह येते आणि तरीही पिल्लू वाळत जातं.

मागे पडणारं पिल्लू बहुतेक वेळा जंतांमुळे, संसर्गामुळे किंवा भावंडांच्या रेटारेटीत पोट न भरल्यामुळेच मागे पडलेलं असतं. आधी तेच तपासायचं. पण काही पिल्लांत दोष अवयवाच्या घडणीतच असतो. एखादी रक्तवाहिनी चुकीच्या बाजूला गेलेली असते, एखादी मिटायची राहिलेली असते, मूत्राची नळी भलत्याच जागी उघडलेली असते. असे दोष विरळ आहेत, म्हणून ते पटकन कोणाच्या डोक्यात येत नाहीत. ते ओळखायला एक गोष्ट फार उपयोगी पडते : लक्षण सुरू कधी झालं? दोष पहिल्या दिवसापासूनचा असतो, पण त्या अवयवावर खरं काम पडेपर्यंत तो झाकलेला राहतो. दूध सुटताना एक उघडा पडतो, मांसाहार सुरू झाल्यावर दुसरा, पिल्लू बाहेर शू करायला शिकतं तेव्हा तिसरा.

गर्भातली आडवाट

कुत्रीचं गाभणपण साधारण ६३ दिवसांचं. त्यातल्या पहिल्या पाच आठवड्यांत बहुतेक अवयवांचा आराखडा ठरतो, पुढचे दिवस मुख्यतः वाढीचे. गर्भात फुप्फुसं श्वास घेत नाहीत आणि रक्त शुद्ध करण्याचं बरंचसं काम आईच्या शरीरावर असतं. त्यामुळे गर्भाचं बरंच रक्त फुप्फुस आणि यकृत टाळून आडवाटेने पुढे जातं. हृदयाजवळची आडवाट फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीला थेट महाधमनीशी जोडते. यकृतातली आडवाट नाळेतून आलेलं रक्त थेट हृदयाकडच्या मोठ्या शिरेत सोडते.

शेतात दारं धरणारा माणूस एका वाफ्यात पाणी भरलं की ते दार मातीने बुजवतो आणि पुढचं मोडतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत शरीर हेच करतं. पहिला श्वास घेतला की रक्तातला प्राणवायू वाढतो, हृदयाजवळच्या नळीच्या भिंतीतले स्नायू आकसतात आणि नळी मिटते. पुढे तिचा नुसता दोरीसारखा तंतू उरतो. यकृतातली आडवाटही पहिल्या आठवड्यात कामातून जाते. पुढचे तीन मोठे दोष बहुतांशी या दोन दारांशी निगडित आहेत.

नळी मिटली, पण गळफास झाला

सुरुवातीच्या त्या पिल्लाकडे परत येऊ. गर्भात महाधमनीच्या कमानी दोन्ही बाजूंना असतात. त्यातली डावी टिकते आणि उजवी विरते. क्वचित उलटं होतं : उजवी टिकते. आता महाधमनी उजवीकडे, फुप्फुसाची धमनी डावीकडे, आणि मिटलेल्या नळीचा तो तंतू दोघींना जोडत अन्ननलिकेवरून आडवा ताणलेला. अन्ननलिका आणि श्वासनलिका हृदयाच्या माथ्यावर एका कड्यात अडकतात. दूध त्यातून सरकतं, घास सरकत नाही. म्हणून तक्रार नेमकी दूध सुटताना, बहुधा चौथ्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, आयरिश सेटर या जातींत हा दोष जास्त दिसतो, पण गावठी पिल्लातही तो होऊ शकतो.

इथे एक फरक नीट बघायला हवा. उलटीत पोट आवळतं, पिल्लू उबळ काढतं, बाहेर आलेल्यात फेस किंवा पिवळं पित्त असतं. गुळणीत यातलं काही नसतं. पिल्लू मान खाली घालतं आणि न पचलेला घास, कधी लांबट नळीच्या आकारात, सहज बाहेर पडतो. लगेच ते तोच पुन्हा खातं, कारण भूक शाबूत असते. डॉक्टरांना ‘उलट्या होतात’ असं सांगितलं की उपचार पोटाचे सुरू होतात आणि दोन-तीन मौल्यवान आठवडे जातात. मोबाईलवर एका गुळणीचा व्हिडिओ काढून न्यावा. तोंडी वर्णनापेक्षा तो दहापट कामाचा असतो.

छातीच्या साध्या एक्स-रेत हृदयाच्या पुढे फुगलेली अन्ननलिका दिसू शकते, आणि पोटावर झोपवून काढलेल्या चित्रात श्वासनलिका डावीकडे ओढलेली दिसते. खात्रीसाठी थोडं बेरियम, म्हणजे एक्स-रेत पांढरं उमटणारं द्रव्य, अन्नात मिसळून देतात. थोडंच, कारण ते श्वासनलिकेत गेलं तर नवीनच दुखणं. फुगवटा हृदयाशी येऊन अचानक थांबत असेल तर कड्याचा संशय पक्का. अन्ननलिका हृदयाच्या मागेही, थेट पोटापर्यंत ढिली दिसत असेल तर तो वेगळा आजार : अन्ननलिकेच्या हालचालीतच दोष. तोही जर्मन शेफर्डमध्ये आढळतो आणि त्यावर ही शस्त्रक्रिया चालत नाही.

शस्त्रक्रियेत डाव्या बाजूने, चौथ्या फासळीमागच्या फटीतून छाती उघडतात, तंतू दोन ठिकाणी बांधून मधोमध कापतात, आजूबाजूचे चिवट पट्टे सोडवतात आणि आतून फुगा असलेली नळी सरकवून अरुंद जागा मोकळी झाली का ते पाहतात. उशीर जितका जास्त तितकी अडथळ्याच्या वरची अन्ननलिका ताणून ढिली पडते, आणि ढिली पडलेली पूर्ववत होईलच असं नाही. शस्त्रक्रिया चांगली होऊनही काही पिल्लांची गुळणी पुरती थांबत नाही ती यामुळे.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एकच पथ्य : अन्न पातळ, दिवसातून चार ते सहा वेळा थोडं-थोडं, आणि पिल्लू उभं धरून. पुढचे पाय स्टुलावर ठेवून खायला द्यायचं आणि खाल्ल्यावर १५-२० मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे घास वजनाने खाली उतरतो. नुसतं भांडं उंचावर ठेवून पुरत नाही, पिल्लाचं अंग उभं हवं. यात खोकला, ताप किंवा नाकातून घट्ट स्राव दिसला तर अन्न फुप्फुसात गेलं असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ही पिल्लं उपासमारीने दगावतात, त्याहून आधी बऱ्याचदा न्यूमोनियाने दगावतात.

नळी मिटलीच नाही

तीच नळी उघडी राहिली तर चित्र वेगळं. जन्मानंतर महाधमनीतला दाब फुप्फुसाच्या धमनीपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून रक्त उलट दिशेने, महाधमनीतून फुप्फुसाकडे गळत राहतं. तेच रक्त पुन्हा डाव्या हृदयात येतं, हृदयाला तेच काम दुबार करावं लागतं, ते फुगत जातं आणि शेवटी फुप्फुसात पाणी साचतं.

हे पिल्लू सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसतं. दोष सापडतो तो लसीच्या वेळी स्टेथोस्कोप लावल्यावर. हृदयाच्या बहुतेक दोषांत आवाज ठोक्याच्या एका भागात येतो. इथे गळती थांबतच नाही, म्हणून गिरणीच्या पट्ट्यासारखी अखंड घरघर ऐकू येते. जागा मात्र वर आणि पुढे, डाव्या काखेत. खाली हृदयाच्या टोकाशीच स्टेथोस्कोप टेकवून पुढच्या पिल्लाकडे वळलं तर हा आवाज सुटू शकतो. काखेत तळवा ठेवला तर थरथर हातालाही लागते, आणि मांडीतली नाडी उसळून लागते. निरोगी पिल्लांतही कधीकधी हलका आवाज असतो, तो चार-पाच महिन्यांत विरतो. अखंड घरघर विरत नाही, तिची वाट पाहत बसू नये.

मादी पिल्लांत हा दोष नरांपेक्षा बराच जास्त आहे. पॉमेरेनियन, माल्टीज, पूडल, जर्मन शेफर्ड या जातींत तो आढळतो. मुदतीआधी जन्मलेल्या मानवी बाळात ही नळी औषधाने मिटवता येते, हे वाचून पालक तेच औषध मागतात. कुत्र्यात ते चालत नाही, कारण इथे नळीच्या भिंतीत आकसणारा स्नायूच अपुरा असतो. त्या जागी महाधमनीसारखं लवचीक पण न आकसणारं ऊतक असतं. हाच तर मूळ दोष.

म्हणून नळी हाताने मिटवावी लागते. एक मार्ग छाती उघडून दोऱ्याने बांधण्याचा. महाधमनीकडचा दोरा आधी आणि सावकाश आवळतात, कारण दाब अचानक चढला की ठोके मंदावतात. यात भीती असते ती नळीच्या मागच्या बाजूला चीर पडून रक्तस्राव होण्याची. दुसरा मार्ग मांडीच्या धमनीतून बारीक नळी सरकवून धातूच्या जाळीचं बूच बसवण्याचा. अगदी लहान पिल्लाची धमनी त्या सामानाला पुरत नाही, तिथे दोराच बरा. फुप्फुसात पाणी असेल तर आधी औषधांनी ते उतरवायचं. वेळेत बंद केलेल्या नळीचं पिल्लू पूर्ण आयुष्य जगतं. न केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त निदानानंतर वर्षभरात दगावतात. जन्मजात दोषांत इतका फायदा देणारी शस्त्रक्रिया क्वचितच सापडेल, त्यामुळे ‘थोडं मोठं होऊ दे, मग बघू’ हा सल्ला इथे घातक आहे.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. थोड्या पिल्लांत फुप्फुसातला दाब इतका चढलेला असतो की गळती उलटी होते आणि अशुद्ध रक्त महाधमनीत शिरतं. घरघर ऐकू येत नाही. पळताना मागचे पाय लुळे पडतात, हिरड्या गुलाबी पण योनीमुख किंवा शिश्नाची त्वचा निळसर. अशा पिल्लाची नळी बंद करायची नसते. ती फुप्फुसातल्या दाबाला उरलेली एकमेव वाट असते, आणि ती बुजवली तर उजवं हृदय कोलमडतं.

यकृताला वळसा

तिन्हींत सगळ्यात जास्त चकवणारा दोष हा. आतड्यातून येणारं रक्त आधी यकृतात जायला हवं, तिथे त्यातलं विष निवळतं आणि यकृताला पोषण मिळतं. वळसा घालणारी शीर असली तर ते रक्त थेट हृदयाकडे जातं. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, आयरिश वुल्फहाउंड अशा मोठ्या जातींत ही शीर बहुधा यकृताच्या आत असते, म्हणजे गर्भातलंच दार उघडं राहिलेलं. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शिह त्झू, पग अशा लहान जातींत ती यकृताबाहेर असते, म्हणजे मुळात नको ती जोडणी.

प्रथिनं पचताना आतड्यातले जिवाणू अमोनिया तयार करतात. तो यकृतात न निवळता मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून पिल्लू जेवणानंतर एक ते तीन तासांनी सुस्त होतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, गोल फिरतं, धडपडतं, कधी झटके येतात. काही तासांनी पुन्हा बरं, आणि घरचे म्हणतात की खाऊन झोप आली असेल. भावंडांपेक्षा अंगाने लहान, पाणी जास्त, लघवी जास्त. नसबंदीसाठी भूल दिल्यावर पिल्लू दिवसभर उठलंच नाही, तरी हा संशय घ्यावा : औषध निवळायला यकृताला रक्तच पोचत नाही. काहींत पहिली खूण मूत्रखड्यांची असते. ते अमोनियम युरेटचे असल्याने साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. डाल्मेशियनला असे खडे त्याच्या जातीच्या वेगळ्या कारणानेही होतात, त्यामुळे तिथे हा पुरावा धरायचा नाही.

रक्ताचा रिपोर्ट वाचताना दोन फसगती ठरलेल्या. एक, यकृताची एन्झाइम नॉर्मल किंवा किंचितच वाढलेली असतात. यकृताच्या पेशी फुटत नसतात, त्या उपाशी असतात, म्हणून हा आकडा शांत राहतो आणि ‘लिव्हर ठीक आहे’ असं ठरतं. दुसरी, युरिया कमी येतो आणि मूत्रपिंड उत्तम असल्याचं समाधान मिळतं. खरं तर युरिया यकृतात बनतो. तो कमी आहे कारण यकृत बनवतच नाही. अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, साखर आणि तांबड्या पेशींचा आकार, हेही खाली असेल तर चित्र जुळतं.

पुढची तपासणी पित्ताम्लांची, म्हणजे बाइल अॅसिडची. साधारण १२ तास उपाशी ठेवून पहिला नमुना, मग थोडं स्निग्ध अन्न, आणि बरोबर २ तासांनी दुसरा. इवल्या पिल्लाला इतका उपास घडवला तर साखर घसरते, त्याची वेळ डॉक्टरांनी ठरवावी. पिल्लाने मधलं अन्न खाल्लं नाही किंवा उलटी केली तर दुसरा नमुना निरर्थक. जेवणानंतरचा आकडा सर्वसाधारणपणे २५ मायक्रोमोलच्या आत असतो. वळसा असलेल्यांत तो अनेकदा १०० च्या वर जातो. माल्टीजमध्ये मात्र निरोगी कुत्र्याचाही आकडा चढा येऊ शकतो. शिवाय यकृतातल्या सूक्ष्म शिरांच्या दोषातही तो वाढतो आणि तिथे बांधण्यासारखी शीरच नसते. अमोनिया मोजणं तत्त्वतः सरळ, पण नमुना बर्फात ठेवून जवळपास लगेच तपासावा लागतो. दुसऱ्या गावातल्या लॅबला पाठवलेल्या नमुन्यावर विसंबू नये. शीर नेमकी कुठून कुठे जाते ते अनुभवी हाताची सोनोग्राफी सांगते, आणि सगळ्यात स्पष्ट सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन.

औषधोपचार तीन पायांवर उभा असतो. लॅक्ट्युलोज आतड्यात आम्लता वाढवून अमोनिया तिथेच अडकवतं आणि शौचावाटे काढतं. सुरुवात बहुधा किलोमागे अर्ध्या मिलिलीटरच्या आसपास, दिवसातून दोन-तीनदा, आणि मग शौच बघून कमी-जास्त. दिवसाला दोन-तीन मऊ शौच हवेत. पाण्यासारखे जुलाब झाले तर अंगातलं पाणी कमी होऊन झटका येण्याची शक्यता उलट वाढते. दुसरा पाय, जिवाणू आवरणारं अँटिबायोटिक. तिसरा, आहार. प्रथिनं बंद करायची नाहीत, पिल्लू वाढतंय. लाल मांस, कलेजी, सुकी मासळी टाळून पनीर, दही, अंडं आणि भात यांच्याकडे वळायचं, किंवा यकृतासाठीचं तयार अन्न. घरचं द्यायचं तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची भर डॉक्टरांकडून मोजून घ्यायची. जंतांचा बंदोबस्त इथे दुप्पट महत्त्वाचा : अंकुशकृमींमुळे आतड्यात झिरपणारं रक्त म्हणजे अमोनियासाठी मांसाचाच घास. बद्धकोष्ठही तितकंच वाईट.

कायमचा उपाय शीर बंद करण्याचा, पण सावकाश. एकदम आवळली तर इतके दिवस रक्ताला पारख्या असलेल्या यकृताला तो लोंढा झेपत नाही. आतड्याकडचा दाब चढतो, पोटात पाणी, रक्ताचे जुलाब आणि मृत्यू. त्यासाठी वापरतात ती युक्ती सुंदर आहे : धातूच्या कड्याच्या आत दुधातल्या केसीनचं कडं. ते शरीरातलं पाणी शोषून आतल्या बाजूला फुगतं, सोबत आजूबाजूचं ऊतक घट्ट होतं, आणि काही आठवड्यांत शीर मिटते. सेलोफेनची पट्टी गुंडाळली तरी ऊतक दाट होऊन तसंच होतं. यकृताच्या आतल्या शिरेसाठी मानेतल्या शिरेतून जाऊन तारेची वेटोळी बसवतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन-चार दिवस झटक्यांच्या दृष्टीने धोक्याचे, त्यामुळे पिल्लू दवाखान्यात देखरेखीखाली हवं.

लघवीच्या वाटेवरचे दोष

पिल्लू नीट शू करतं, तरी बसलेली जागा ओली राहते, मागची केसं कायम भिजलेली आणि पावसाळ्यात कातडी सोललेली. हे शिस्तीचं अपयश नसून मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रनलिका मूत्राशयात उघडण्याऐवजी पुढे मूत्रमार्गात उघडल्याची खूण असू शकते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, सायबेरियन हस्की यांच्या माद्यांत पाहावं, नरांत क्वचित. निदान दुर्बिणीने किंवा सीटीने होतं, उपाय लेझरने किंवा नळी नव्या जागी बसवून. बऱ्याच जणींत मूत्राशयाचा झाकणस्नायूही अशक्त असतो, म्हणून ऑपरेशननंतर औषध लागू शकतं हे आधीच सांगितलेलं बरं.

मूत्रपिंडच अर्धवट घडलेलं असेल तर उपाय नाही, फक्त सांभाळणं. ल्हासा अॅप्सो आणि शिह त्झू यांच्यात हे दिसतं. सकाळच्या पहिल्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती घट्ट आहे याचा आकडा, पुन्हा पुन्हा १.००८ ते १.०१२ मध्येच अडकलं असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठी रक्तात बघतात तो आकडा, नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत राहू नये. वाढत्या पिल्लात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच खालच्या पातळीवर असतं.

घेण्याआधी आणि वेत लावण्याआधी

पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. प्रत्यक्षात ३०-३५ दिवसांची पिल्लं सर्रास हातात दिली जातात. त्या वयात पिल्लू बरंचसं दुधावरच असतं, म्हणजे अन्ननलिकेचं कडं आणि यकृताचा वळसा दोन्ही झाकलेले. पिल्लू आपल्यासमोर घट्ट अन्न खाताना बघावं आणि खाल्ल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं. टाळू फाटलेली नाही आणि गुदद्वार उघडं आहे, हे जन्मल्या दिवशीच बोट फिरवून आणि शेपटी उचलून पाहता येतं; दूध नाकातून येत असेल तर टाळू पुन्हा बघावी.

एखाद्या पिल्लात यातला दोष निघाला तर त्याची पैदास करायची नाहीच, आणि ज्या नर-मादीचं ते वेत होतं ती जोडीही पुन्हा लावायची नाही. दोघं दिसायला निरोगी असली तरी वारसा त्यांच्यातूनच आलेला असू शकतो. मग त्याच वेतातल्या बाकी पिल्लांच्या मालकांना फोन करून डावी काख ऐकून घ्यायला सांगावं.